लीड सिंगर तीन-चार वर्षांत गप्प का होतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गॅदरिंगचा हंगाम आला की आपल्या दैनिकात कॉलेजांच्या बँडचे फोटो येतात. मधोमध माइक धरलेला मुलगा किंवा मुलगी, डोळे मिटलेले, मान मागे टाकलेली. मथळ्यात ‘रॉकस्टार’ हा शब्द हमखास असतो. पुढचे दोन-तीन गणेशोत्सव ते नाव ऐकू येतं, मग येत नाही. लोक म्हणतात, नोकरी लागली असेल, पुण्याला गेला असेल, घरच्यांनी बंद केलं असेल. तेही असतं. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात साउंड, गायनाचे वर्ग आणि वाद्यदुरुस्ती ही कामं करणाऱ्यांना वेगळीच कारणं दिसतात. ती साधी आहेत, बरीचशी टाळता येण्यासारखी आहेत, आणि गुणवत्तेशी त्यांचा फारसा संबंध नाही. पत्र लांबलं आहे. काटछाट करायची झाल्यास कृपया आकडे ठेवा, बाकीचं कापा.

आधी काळाचा हिशेब. बेळगावहून पुण्याच्या रस्त्याला लागून साताऱ्याच्या पुढे वाईवरून वर चढलं की पाचगणी. तिथल्या सेंट पीटर्स शाळेत झांझिबारहून शिकायला आलेला फारुख बुलसारा नावाचा पारशी मुलगा होता. १९५८ च्या सुमारास पाच मुलांनी ‘द हेक्टिक्स’ हा बँड काढला. त्यात हा फारुख पियानोवर होता, मुख्य गायक दुसराच मुलगा होता. पुढे लंडनला गेल्यावर त्याने ग्राफिक डिझाइनचं शिक्षण घेतलं, एक-दोन छोटे बँड केले, बाजारात गाळा लावून कपडे विकले. १९७० मध्ये ‘क्वीन’ हा त्याचा रॉक बँड उभा राहिला, पहिला अल्बम १९७३ मध्ये आला आणि जगभर नाव झालं ते १९७५ च्या अखेरीस. म्हणजे फ्रेडी मर्क्युरी या माणसाला शाळेतल्या बँडपासून तिथवर पोचायला सतरा वर्षं लागली. आपल्याकडे तिसऱ्या वर्षी मुलाला विचारतात, ‘अजून काही झालं नाही का?’ सतरा वर्षं टिकायचं तर गळा, कान आणि मित्र, तिन्ही शाबूत राहायला हवेत. आपल्याकडे पहिल्या तीन वर्षांत नेमकी हीच तिन्ही खर्ची पडतात.

सगळ्यात आधी बिघडते ती पट्टी. आपल्याकडचा मुलगा भजनी मंडळात नाहीतर सुगम गायनाच्या वर्गात तयार झालेला असतो. त्याचा सा काळी एकचा (हार्मोनियमची पहिली काळी पट्टी), फार तर काळी दोनचा. तार सप्तकातला मध्यम-पंचम तो सुखाने लावतो. इंग्रजी रॉकची गाजलेली गाणी मात्र मूळ गायकाच्या गळ्यावर बेतलेली असतात आणि गिटारच्या मोकळ्या तारांच्या सोयीने पांढरी दोन, पांढरी तीन, पांढरी सहा अशा पट्ट्यांत बांधलेली असतात. त्यांतल्या चढ्या ओळी काळी एकच्या हिशेबाने तार सप्तकातल्या कोमल धैवत-कोमल निषादापर्यंत जातात. तो कोमल धैवत ४४० हर्ट्झचा. म्हणजे तो लावला की स्वरतंतू सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर आदळतात. एकदा लावायला काहीच हरकत नाही. तालमीत तीन तास आणि कार्यक्रमात पाऊण तास तोच लावत राहिलं की दुसऱ्या दिवशी बोलताना आवाज चिरकतो, आणि मुलगा त्याला ‘रॉकचा आवाज आला’ समजतो.

उपाय गिटारवाल्याच्या हातात आहे. सहाही तारा अर्ध्या सुराने उतरवल्या की पांढरी तीनचं गाणं काळी दोनमध्ये येतं. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स आणि गन्स एन’ रोझेस हा बँड यांनी गिटार अशीच उतरवून वाजवलेली आहे, तेव्हा यात कमीपणा मानायचं कारण नाही. अर्धा सूर उतरवला की तारेचा ताण साधारण ११ टक्के घटतो, पूर्ण सूर उतरवला की २० टक्के. गिटारला ०.००९ इंचाचा (ही सर्वांत बारीक तारेची जाडी) तारांचा सेट असेल तर पूर्ण सूर उतरवल्यावर तारा ढिल्या पडून पडद्यांवर खरखरतात. त्याहून वाईट म्हणजे जोराने झटका मारला की तार क्षणभर वर चढते आणि गायक नेमका तोच चढा सूर धरतो. लोक म्हणतात गायक बेसूर आहे. पूर्ण सूर उतरवायचा तर ०.०१० किंवा ०.०११ चा सेट घालावा आणि गिटारच्या मानेचा बाक व इंटोनेशन (प्रत्येक पडद्यावर सूर नेमका येणं) पुन्हा जुळवून घ्यावं. तरंगत्या ब्रिजची गिटार (जिचा तारा धरणारा ब्रिज स्प्रिंगवर हलता असतो) ऐन कार्यक्रमात उतरवायला जाऊच नये, कारण एक तार सैल केली की बाकीच्या पाच चढतात. तिचं काम आदल्या दिवशी, नाहीतर दुसरी गिटार. कॅपोने (मानेवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) पट्टी वर जाते, खाली येत नाही. आणि कीबोर्डवाल्याने ट्रान्सपोज उणे एक (म्हणजे पट्टी अर्धा सूर खाली) केलं असेल तर पुढच्या गाण्याआधी ते परत शून्यावर आणायला विसरू नये. हा गोंधळ दर हंगामात होतो आणि स्टेजवर सगळे बघतात ते गायकाकडे.

आपली मर्यादा कशी ओळखायची? सकाळी ताज्या गळ्याने तपासून उपयोग नाही. दिवसभर बोलणं झाल्यावर, संध्याकाळी, मध्यम आवाजात ‘आ’कार लावून एक-एक सूर चढत जावं. जो सूर लागोपाठ पाच वेळा मान न ताणता, हनुवटी वर न उचलता लागतो, तो नोंदवायचा. त्याच्या खाली दोन अर्धसूर ही स्टेजवरची हद्द. गाण्यातला सर्वांत चढा सूर त्या हद्दीत बसेल अशी पट्टी ठेवावी. मूळ गाणं ज्यांना पाठ आहे ते दोघं-तिघं नाकं मुरडतील. त्यांच्यासाठी गळा पणाला लावण्यात अर्थ नाही.

तालमीची खोली हा दुसरा घात. आपल्याकडे ती बहुधा गच्चीवरची पत्र्याची शेड किंवा दहा बाय बाराची खोली असते. त्यात ड्रमसेट शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो. गायकाला वेगळा स्पीकर नसतो, त्याचा माइक गिटारच्याच अँप्लिफायरमध्ये खोचलेला असतो. गिटारचा स्पीकर मुळात साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर काही देत नाही, आणि स, श, च यांचा ठसका नेमका त्याच्या आसपास आणि वर असतो. त्यामुळे शब्द कळत नाहीत, ‘आवाज येत नाही’ म्हणून गायक ओरडतो, मग गिटारवाला आपला आवाज वाढवतो. गोंगाटात माणूस नकळत मोठ्याने बोलू लागतो, हा शरीराचाच धर्म आहे. इच्छाशक्तीने तो थांबत नाही, गोंगाट कमी केल्यानेच थांबतो. दहा किंवा बारा इंची एक पॉवर्ड स्पीकर स्टँडवर कानाच्या उंचीला, गायकाच्या बाजूला ठेवावा. ड्रमर सरावाला जाड काठ्यांऐवजी बारीक काड्यांच्या जुड्या वापरू शकतो. गिटारचा अँप्लिफायर जमिनीवर पायाशी ठेवला तर तो वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांना ऐकू जातो. तो खुर्चीवर तिरका करून त्याच्या कानाकडे वळवला की तो आपणहून आवाज कमी करतो. हा फुकटचा उपाय आहे आणि सर्वांत जास्त चालतो.

आणखी एक. तीन तासांच्या तालमीत गायकाने पूर्ण गळ्याने गायचं ते शेवटच्या दोन फेऱ्यांत. त्याआधी गिटार-बेस-ड्रमची जुळवाजुळव चालू असताना खालच्या सप्तकात किंवा अर्ध्या आवाजात जागा दाखवायच्या. कुजबुजून मात्र गाऊ नये, कुजबुजण्यानेही गळा दमतो.

आता गळ्याबद्दल, कारण गैरसमज इथेच जास्त आहेत. खडीसाखर, ज्येष्ठमध, आल्याचा तुकडा, मध यांनी घशाला बरं वाटतं, जरूर घ्या. पण गिळलेली कोणतीही गोष्ट अन्ननलिकेने जाते, स्वरतंतूंना ती शिवत नाही. पाणीसुद्धा शिवत नाही. ते पोटातून रक्तात आणि तिथून श्लेष्मल आवरणात पोचायला तास लागतात. स्टेजवर घटाघटा प्यायलेल्या बाटलीने तोंडाची कोरड जाते, तेवढंच. पाणी सकाळपासून प्यायचं. वाफेचं तसं नाही. ती श्वासाबरोबर थेट तिथे जाते, म्हणून कार्यक्रमाआधी दहा मिनिटं साधी वाफ, त्यात बाम न घालता. मेन्थॉलच्या गोळ्या घसा बधिर करतात, दुखणं कळत नाही आणि मुलगा दुखऱ्या गळ्यावर आणखी जोर देतो. कार्यक्रमाआधी तांबडा रस्सा आणि मिरची भजी हा तर आपल्या भागातला शिरस्ताच. रात्री उशिरा जेवून लगेच आडवं झालं की आम्ल वर येतं आणि सकाळी आवाज जड, खरखरीत होतो. जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवलं की हा त्रास बराच कमी होतो.

गाण्याआधी पंधरा-वीस मिनिटं गळा तापवायचा. त्यातला सर्वांत उपयोगी भाग स्वस्त आहे. अर्धी भरलेली पाण्याची बाटली आणि शरबताची नळी. नळी पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवून तिच्यातून ‘ऊ’ धरायचा, बुडबुडे एकसारखे यायला हवेत, मग खालून वर आणि वरून खाली सूर ओढायचा. पाच मिनिटं. नळीमुळे तोंडात जो मागचा दाब तयार होतो तो स्वरतंतूंना हलकेच अलग ठेवतो, त्यामुळे ते कमी आदळून थरथरतात. कार्यक्रम संपल्यावरही हेच तीन मिनिटं करावं. जानेवारीच्या रात्री खानापूरकडच्या उघड्या मैदानात गार हवेत थेट पहिल्या गाण्याला तार सप्तकात गेलेली मुलं पाचव्या गाण्याला बसतात. गाण्यांचा क्रम लावताना सर्वांत चढं गाणं पहिलं किंवा शेवटचं ठेवू नये, आणि अशी दोन लागोपाठ नकोत. मध्ये एक वाद्यांचा तुकडा ठेवला तर गायकाला चार मिनिटं मिळतात.

रॉकमधली खरखर, ती गर्जना, स्वरतंतू घासून काढायची नसते. ती त्यांच्या वरच्या घड्या, ज्यांना डॉक्टर खोटे स्वरतंतू म्हणतात, त्यांच्या थरथरण्यातून यायला हवी, आणि ते शिकायला महिने लागतात. तपासणी सोपी आहे. खरखर काढून झाल्यावर लगेच तोच सूर स्वच्छ लागला तर ठीक. खोकला आला, गुदगुल्या झाल्या, आवाज फाटला तर पद्धत चुकली.

रोज सकाळी एक चाचणी करावी. ओळखीच्या गाण्याची चढी ओळ अगदी हळू, बारीक आवाजात म्हणायची. सूज असेल तर मोठ्याने गाणं जमतं, बारीक गाणं जमत नाही. सूर लागायला क्षणभर उशीर होतो, आधी नुसता वारा येतो. दोन-तीन दिवस असं झालं की गाणं थांबवावं. तीन आठवडे आवाज बसलेला राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तपासून घ्यावं. स्वरतंतूंच्या पुढच्या एक-तृतीयांश भागाजवळ, जिथे ते सर्वांत जोराने आदळतात, तिथे दोन्ही बाजूंना पायाच्या घट्ट्यासारख्या गाठी येतात. बहुतेक वेळा त्या शस्त्रक्रियेशिवाय, विश्रांती आणि वाचा-उपचाराने बसतात. याला एक अपवाद आहे. गाता गाता बटण बंद केल्यासारखा आवाज गेला, तर आत रक्तस्राव झालेला असू शकतो. त्या क्षणी गाणं आणि बोलणंही बंद करून डॉक्टर गाठायचा, उरलेली दोन गाणी ‘कशीबशी’ म्हणायची नाहीत. दुखतंय म्हणून कार्यक्रमाआधी अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेण्यात हाच धोका वाढतो.

दोन आठवडे गप्प बसलं तर जागा जाईल, ही भीती मुलांना असते आणि बँडमधले मित्र ती वाढवतात. आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांना ऐन तारुण्यात क्षयाने गाठलं. काही वर्षं गाणं पूर्ण बंद होतं, एक फुप्फुस निकामी झालं. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा बैठकीवर आले आणि उरलेल्या श्वासाला पेलेल अशी आपली वेगळी गायकी घडवली. बेळगावच्या ज्या रंगमंदिराला त्यांचं नाव आहे तिथे गाणाऱ्या मुलांना एवढं तरी कुणी सांगावं.

आता स्टेज. माइक बहुतेक ठिकाणी शुअर एसएम ५८ किंवा त्याची नक्कल असते. १९६६ पासूनचा हा माइक दणकट आहे, त्याला दोष देऊ नये. तो समोरचं ऐकतो आणि पाठीमागचं कमीत कमी घेतो, म्हणून मॉनिटर (गायकाला त्याचा आवाज ऐकवणारा स्पीकर) त्याच्या बरोबर पाठीमागे, म्हणजे गायकाच्या समोर, तोंडाकडे वळवून ठेवायचा. हल्ली सुपरकार्डिऑइड माइक येतात. त्यांची बहिरी जागा बरोबर मागे नसून दोन बाजूंना, साधारण १२० अंशांवर असते, तिथे मॉनिटर तिरके ठेवावे लागतात. हे न पाहता ठेवला की स्पीकरमधून शिट्टी. पुढचा घोटाळा गायक स्वतः करतो. जाळीभोवती मूठ आवळली की माइकची दिशाच नाहीशी होते, तो चारी बाजूंचं ऐकू लागतो आणि पुन्हा शिट्टी. साउंडवाला मॉनिटर कमी करतो, गायकाला स्वतःचं ऐकू येत नाही, तो ओरडतो. मूठ खाली दांड्यावर हवी. ओठ जाळीपासून दोन-तीन बोटं, चढ्या सुराला वितीभर मागे. अगदी ओठ टेकवून गायलं तर खर्ज फुगतो आणि शब्द दबतात.

साउंडवाल्यांनाही दोन गोष्टी सांगायच्या आहेत. डॉल्बीची सवय झालेला हात बँडला तसाच लावू नये. गायकाच्या चॅनेलवर १०० हर्ट्झखालचं कापावं, कॉम्प्रेसर (आवाजाचे चढउतार आटोक्यात ठेवणारं यंत्र) ३:१ च्या आसपास ठेवावा, आणि मॉनिटरमध्ये गायकाला आधी त्याचा आवाज, मग कीबोर्ड किंवा गिटार, एवढंच द्यावं. सगळी वाद्यं मॉनिटरमध्ये मागणाऱ्या गायकाला नम्रपणे नाही म्हणावं. एको प्रेक्षकांसाठी ठीक आहे, मॉनिटरमध्ये दिला तर गायक लयीत मागे पडतो.

अर्थिंगबद्दल स्पष्ट लिहायला हवं. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वान्सी शहरात ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावताच विजेच्या धक्क्याने स्टेजवर मरण पावला. आपल्या मांडवांत मिक्सर जनरेटरवर आणि गिटारचा अँप्लिफायर जवळच्या घरातून ओढलेल्या वायरवर असतो. दोघांचं अर्थिंग वेगळं, किंवा तिसरी पिन कुणीतरी तोडलेली. गिटार वाजवत गाणाऱ्याचे हात तारांवर आणि ओठ जाळीवर असतात, म्हणजे तो स्वतःच वायर झालेला असतो. गाणं सुरू करण्याआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक माइकच्या जाळीला, एक गिटारच्या तारेला लावा. काट्याने दोन-चार व्होल्टच्या वर उडी मारली तर सुरू करू नका. सगळं एकाच पुरवठ्यावर आणा आणि वाटेत ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. पावसाळी गणेशोत्सवात तर याला पर्यायच नाही.

कानाचं थोडक्यात. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला दिवसाला आठ तासांची आहे. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. एसी/डीसी या रॉक बँडचा गायक ब्रायन जॉन्सन याला मार्च २०१६ मध्ये दौरा अर्ध्यावर सोडावा लागला तो गळ्यामुळे नव्हे, कानामुळे. पूर्ण बहिरेपणाचा धोका आहे असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो काही वर्षांनी परतला, पण त्याच्या हाताशी जगातली उत्तम यंत्रं होती. १५-२० डेसिबल कमी करणारे वादकांचे इअरप्लग तालमीत तरी घालावेत. कापसाचे बोळे चालत नाहीत, ते वरचे स्वर खातात आणि खालचे जाऊ देतात.

सीमाभागातल्या गायकाला एक फायदा आहे, तो फारसा कुणी ओळखत नाही. कोल्हापूर, हुबळी आणि चोर्ला घाटाने पणजी, तिन्ही सव्वाशे किलोमीटरच्या आत आहेत. पुणे आणि बेंगळूर एका रात्रीच्या प्रवासावर. एकाच आठवड्यात मराठी, कन्नड आणि गोव्यातल्या पर्यटकांसमोर गायची सोय इतक्या जवळ फार थोड्या शहरांना आहे. त्यासाठी यादीत तिन्ही भाषांची गाणी हवीत, आणि ती नीट हवीत. कन्नड गाणं देवनागरीत लिहून पाठ केलं की घोटाळा होतो, कारण कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन ए, दोन ओ आहेत आणि आपल्या लिपीत ते एकसारखेच दिसतात. ऱ्हस्वावर लांब सूर ओढला की हुबळीचा श्रोता लगेच ओळखतो. वर्गातल्या कन्नड मित्राकडून ओळ म्हणवून घ्यावी, ध्वनिमुद्रित करावी. एवढं केल्यावर स्टेजवर भाषेवरून कटकट करणारे बहुतेक गप्प बसतात, असा आमचा अंदाज आहे. परतीच्या प्रवासात मात्र गाडीच्या खिडक्या उघड्या टाकून मोठ्याने गप्पा हाणू नयेत. कार्यक्रमापेक्षा त्या दोन तासांनी गळा जास्त जातो.

बँड फुटतात ते मात्र गळ्यावरून नाही. फुटतात ते फोटोवरून आणि पैशावरून. मंडळ बिदागीचा चेक लीड सिंगरच्या नावाने काढतं, कारण तेवढंच नाव त्यांना माहीत असतं. टीडीएस त्याच्या पॅनवर कापला जातो, सगळी रक्कम त्याच्या उत्पन्नात धरली जाते, आणि वाटून दिल्यावर तो म्हणतो मला कर लागला, बाकीचे म्हणतात दाखव. भागीदारीचा साधा करार करून बँडचं पॅन आणि बँकखातं काढलं की हा वाद उरत नाही. सुपारीच्या रकमेतून आधी प्रवास, साउंड, तारा-काठ्या यांचा खर्च, मग उरलेल्याचे समान वाटे. गायकाला जास्त द्यायचं असेल तर ते आधी कागदावर.

गाणं रचल्याचं श्रेय वेगळं लिहावं. शब्द कुणाचे, चाल कुणाची, किती टक्के, तारीख, सगळ्यांच्या सह्या. गाणं तयार झालं त्याच रात्री. ‘क्वीन’मध्ये सुरुवातीला ज्याने गाणं लिहिलं त्याचं नाव लागे. एका गाजलेल्या तबकडीच्या मागच्या बाजूला ड्रमरचं गाणं होतं, त्यामुळे पुढच्या बाजूच्या गाण्याइतकीच रॉयल्टी त्याला मिळाली आणि धुसफूस झाली. १९८९ च्या अल्बमपासून त्यांनी सगळी गाणी बँडच्याच नावावर टाकली. आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली, तिने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला. तो वारस किंवा कॉपीराइट संस्था यांच्याखेरीज कुणाला देऊन टाकता येत नाही. गायकाला कलाकार म्हणून ५० वर्षांचा वेगळा हक्क आहे. ‘एकरकमी घ्या आणि सही करा’ म्हणणाऱ्या निर्मात्यासमोर हे माहीत असलेलं बरं.

बँडचं नाव कुणाचं? ट्रेडमार्कचा वर्ग ४१ हा करमणुकीचा. व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी ४,५०० रुपये, नोंदणी दहा वर्षांची, पुढे नूतनीकरण. गंमत अशी की निपाणीच्या बँडचा अर्ज चेन्नई कार्यालयाकडे जातो आणि सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या कागलचा मुंबईकडे. यूट्यूब आणि इन्स्टाग्रामचे पासवर्ड एकाच्या फोनमध्ये असू नयेत. गायक गेला तर नाव, गाणी, वाहिनी यांचं काय, हे दोस्ती आहे तोवर लिहून ठेवावं. गायक बदलला म्हणून बँड मरतोच असं नाही. १९७५ मध्ये पीटर गॅब्रिएल गेल्यावर ‘जेनेसिस’ने आपल्याच ड्रमरला, फिल कॉलिन्सला पुढे उभं केलं. ‘जर्नी’ने २००७ मध्ये मनिलाचा अर्नेल पिनेडा यूट्यूबवरून शोधला.

शेवटी मंडळांकडे आणि कॉलेजांकडे वळतो. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. सरकार वर्षातल्या जास्तीत जास्त पंधरा दिवशी बारापर्यंत सूट देऊ शकतं. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी सत्कार, हार-तुरे आणि भाषणं साडेनऊपर्यंत चालतात आणि बँडला उरलेल्या वीस-पंचवीस मिनिटांत ढकललं जातं, साउंड चेकशिवाय. वीस मिनिटं कमी नाहीत. लाइव्ह एड या मदतनिधीच्या मैफलीत, १३ जुलै १९८५ रोजी, ‘क्वीन’ला तेवढीच मिळाली होती, पण त्यासाठी त्यांनी आधी थिएटर घेऊन तालीम केली होती. आपल्या आयोजकांनी निमंत्रणपत्रातच लिहून द्यावं: दुपारी चार ते पाच साउंड चेक, गायकासाठी दोन मॉनिटर, तीन पिनी अर्थिंग असलेले सहा पॉइंट, एकाच जनरेटरवरून पुरवठा, आणि बँड सुरू होण्याची वेळ साडेआठ. भाषणं त्याच्या आधी किंवा दहानंतर माइकशिवाय.

आणि आपल्या दैनिकाला एक विनंती. यंदा फोटो छापाल तेव्हा खाली फक्त गायकाचं नाव देऊ नका. गाणं कुणी लिहिलं, चाल कुणाची, गिटार-बेस-ड्रमवर कोण होतं आणि साउंड कुणाचा होता, हे दोन ओळींत बसतं. वार्ताहराने कार्यक्रमानंतर बँडकडून ती नावं लिहून घ्यावीत. ती देताना पाचही जणांचं एकमत होतंय का, तेही त्याला तिथेच कळेल.

आपले,
साउंड, गायन-शिक्षण आणि वाद्यदुरुस्तीच्या कामातील काही वाचक,
शहापूर, बेळगाव